अपिलात नेमकं काय तपासतात? (आत्याचा वाटपाचा दावा)

नीराकाठ
मंडळी, कायद्यातलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून इथे विचारते.

आत्याने २०११ साली तालुक्याच्या कोर्टात वाटपाचा दावा लावला. सातारा जिल्हा. साडेसात एकर जमीन, त्यातली दोन एकर बागायत, आणि गावातलं घर. आजोबा २००८ साली गेले, आजी त्याआधीच. काकांचं म्हणणं असं की १९९८ सालीच तोंडी वाटप झालंय. तलाठ्याकडे वर्दी दिली, फेरफार झाला, सातबारे वेगळे झाले, आता हिचा काय संबंध? आत्या म्हणते, मला कुणी विचारलंच नव्हतं.

खालच्या कोर्टाने २०१८ साली आत्याला तिसरा हिस्सा दिला. काका जिल्हा कोर्टात अपिलात गेले आणि गेल्या महिन्यात तिथे सगळं उलटं झालं. तेच कागद, तेच साक्षीदार, एक नवी ओळसुद्धा नाही. आता आमचे वकील म्हणतात, हायकोर्टात दुसरं अपील करू, पण तिथे पुरावा बघत नाहीत.

पुरावा बघत नाहीत तर मग बघतात काय?

सदूभाऊ
फी.

चहाबाज
सदूभाऊ 😂 धागा पहिल्याच प्रतिसादात संपवलात की.

खडूस_आजोबा
शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमच्या घराण्यात शहाणे कमी. १९७४ चा दावा, वडिलांनी लावला, निकाल मी ऐकला. जमीन मिळाली तेव्हा तिच्यातून रस्ता गेला होता.

काळा_कोट
नीराकाठ, वकील बरोबर सांगतायत, पण अर्धंच. जरा सविस्तर लिहितो.

पहिलं अपील आणि दुसरं अपील या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं अपील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खाली. तिथे घटना आणि कायदा दोन्ही खुले असतात, पण बघायचं सहसा कागदावर जे आहे तेच. जिल्हा न्यायाधीश तीच साक्ष पुन्हा वाचून वेगळ्या मताला येऊ शकतात, म्हणून 'तेच कागद, उलटा निकाल' यात बेकायदा काही नाही. फक्त एक अट आहे. खालच्या न्यायाधीशाने साक्षीदार समोर उभा असताना पाहिलेला असतो. तो कुठे अडखळला, कुठे वकिलाकडे बघू लागला, हे कागदावर उतरत नाही. त्यामुळे तो निकाल फिरवायचा तर खालच्या कोर्टाची कारणं एकेक हातात घेऊन ती का पटत नाहीत हे लिहावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली हे स्पष्ट सांगितलंय.

दुसरं अपील कलम १०० खाली. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तिथे 'सबस्टॅन्शियल क्वेश्चन ऑफ लॉ' लागतो, म्हणजे निकाल ज्यावर फिरेल असा कायद्याचा भरीव प्रश्न. तो प्रश्न हायकोर्टाने आधी शब्दांत मांडायचा आणि त्यावरच सुनावणी करायची. प्रश्न निघालाच नाही तर अपील दाखल होण्याच्या टप्प्यावरच संपतं. बहुतेकांचं तसंच संपतं, हेही सांगून ठेवतो.

मुदत ९० दिवसांची. निकालाची नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळतात, म्हणून नक्कल अर्ज कधी टाकला ते आधी बघा.

चहाबाज
म्हणजे थर्ड अंपायर. चेंडू पुन्हा टाकत नाहीत, रीप्ले बघतात. आणि शंका असेल तर अंपायर्स कॉल.

काळा_कोट
पहिल्या अपिलाला चालेल ही उपमा. दुसऱ्या अपिलात रीप्लेसुद्धा नाही. तिथे फक्त विचारतात, अंपायरने नियमाचं पुस्तक बरोबर वाचलं का.

मीच_ती
नेहमी वाचनमात्र असते, आज लिहिते.

माझी केस घरगुती हिंसाचाराची. मॅजिस्ट्रेट कोर्टाने दरमहा ९ हजार आणि राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा आदेश दिला. या कायद्यात कलम २९ खाली सत्र न्यायालयात अपील होतं, ३० दिवसांत. नवऱ्याने अठ्ठाविसाव्या दिवशी टाकलं. मला वाटलं, अपील टाकलं म्हणजे आदेश थांबला. तसं नसतं. स्थगिती वेगळी मागावी लागते. त्याने मागितली, कोर्टाने सांगितलं थकबाकीतले निम्मे आधी भरा. त्या पैशातून मुलाची शाळेची फी गेली.

मग चौदा महिने तारखा. शेवटी युक्तिवादाच्या दिवशी न्यायाधीशांनी माझ्या वकिलांना विचारलं, "नवऱ्याची पगाराची स्लिप रेकॉर्डवर कुठे आहे?" स्लिप होती. अर्जाला जोडलेली होती. पण तिला निशाणी क्रमांक, म्हणजे कोर्टाने पुरावा म्हणून घेतल्याचा शिक्का आणि नंबर, पडलाच नव्हता, साक्षीत कुणी ती दाखवलीच नव्हती. दंडाच्या फोटोंचं तेच. माझ्या अंगावर उमटलेले वळ चार वर्षं फाइलमध्ये होते आणि कोर्टाच्या लेखी ते नव्हते.

हिंसाचार झाला हा निष्कर्ष कायम राहिला, शेजारच्या काकूंच्या साक्षीवर. रक्कम ७ हजार केली, कारण ९ चा आकडा आला कुठून हे खालच्या आदेशात लिहिलेलंच नव्हतं. मी हरले असं नाही म्हणणार. पण दोन हजार रुपये एका न मारलेल्या शिक्क्यात गेले.

चहाबाज
🙏 वरच्या विनोदांबद्दल माफी.

मीच_ती
अहो नका. हसायला येतं म्हणून तर हा धागा वाचला.

त्रस्त_पुणेकर
या कायद्याबद्दल पुरुषांच्या बाजूनेही कुणीतरी लिहा. मॅजिस्ट्रेटसमोर बाईंनी सांगितलं की आदेश, मग नवऱ्याने वर्षानुवर्षं अपिलं करत बसायची.

मीच_ती
सांगितलं की आदेश? मला पहिला आदेश मिळायला सात महिने लागले. कायद्यात साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय.

त्रस्त_पुणेकर
तुमच्याबद्दल नाही बोललो, ताई.

सदूभाऊ
कुणाबद्दलच नसतं ते कधी.

संपादक
धागा अपिलाबद्दल आहे, तिथेच ठेवूया. कुणाची खरी नावं किंवा केस क्रमांक लिहू नका. एक प्रतिसाद काढला आहे.

त्रस्त_पुणेकर
ठीक. मग अपिलाबद्दलच लिहितो, आणि काळा_कोट यांचं 'कागदावर जे आहे तेच' मला पूर्ण पटलेलं नाही.

माझी केस मुलीच्या ताब्याची. कौटुंबिक न्यायालयाने २०१६ साली, ती सात वर्षांची असताना, मला महिन्यातून दोन शनिवार दिले, न्यायालयाच्याच आवारातल्या मुलांच्या खोलीत. खेळण्यातली मोडकी घसरगुंडी, भिंतीवर मिकी माऊस, आणि खुर्चीवर बसून बघणारी एक बाई. हायकोर्टात अपील केलं, ते निघालं तेव्हा ती अकरा वर्षांची. दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ. त्यांनी कागद वाचलेच, पण मुलीला चेंबरमध्ये बोलावून वीस मिनिटं गप्पाही मारल्या. आम्हा दोघांना बाहेर बसवलं. काय बोलले, देव जाणे. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चॉकलेट होतं. मला दोन रात्री आणि अर्धी सुट्टी मिळाली. हे कुठल्या निशाणीवर होतं?

काळा_कोट
मान्य. मी दिवाणी दाव्याचं सांगत होतो. कौटुंबिक न्यायालयाचं अपील १९८४ च्या कायद्याच्या कलम १९ खाली थेट हायकोर्टात, दोन न्यायमूर्तींसमोर जातं आणि तिथे घटना व कायदा दोन्ही खुले. शिवाय ताब्याच्या बाबतीत मुलाचं हित हाच निकष, आणि मूल काही २०१६ च्या निकालात गोठलेलं नसतं. तेव्हा सात वर्षांची होती, अपिलात अकरा. म्हणून तिथे आजची स्थिती बघतात. परिस्थिती बदलली की ताब्याचा आदेशही बदलून मागता येतो.

याच कलमात आणखी दोन गोष्टी आहेत, लोक त्यांना फसतात. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही. आणि मुदत कलमात ३० दिवसांची आहे, पण हिंदू विवाह कायद्यात २००३ पासून ९० दिवस. कुठली धरायची यावर बराच घोळ झाला आणि मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालांना ९० दिवस धरले. घटस्फोट झाला म्हणून दुसऱ्या आठवड्यात बोहल्यावर चढू नका, अपिलाची मुदत जाऊ द्या.

चहाबाज
दुसऱ्या आठवड्यात कोण चढतं हो?

काळा_कोट
पक्षकार बघितलेत कुठे तुम्ही.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. मी वकील नाही, पण मित्रासाठी इथल्या कोर्टात बराच बसलोय.

इथे कौटुंबिक प्रकरणं सुपिरियर कोर्टाच्या फॅमिली पार्टमध्ये चालतात आणि अपील त्याच कोर्टाच्या अपेलेट डिव्हिजनमध्ये जातं. मुदत ४५ दिवस. दोन किंवा तीन न्यायाधीश बसतात. साक्षीदार नाहीत, नवा पुरावा नाही, फक्त लेखी ब्रीफ आणि खालच्या सुनावणीचा शब्दन् शब्द टाइप केलेला ट्रान्स्क्रिप्ट, जो अपील करणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने मागवायचा. मित्राचा अर्धा जीव त्या बिलातच गेला.

अंपायर्स कॉल इथे तर छापील नियम आहे म्हणा ना. १९९८ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फॅमिली कोर्टाचे न्यायाधीश या विषयातले जाणकार आहेत, साक्षीदार त्यांनी पाहिलेत, तेव्हा निष्कर्षाला पुरेसा, भरीव, विश्वासार्ह पुरावा असेल तर वरच्यांनी हात लावू नये. ती केस घरगुती हिंसाचाराचीच होती. कायद्याचा अर्थ लावण्यात चूक असेल तर मात्र वरचं कोर्ट कोऱ्या पाटीवर विचार करतं.

रेस्ट्रेनिंग ऑर्डरची, म्हणजे त्रास देणाऱ्याला लांब ठेवणाऱ्या आदेशाची, गंमत वेगळी. आधी तात्पुरती, मग दहा दिवसांत अंतिम सुनावणी ठेवायची. अंतिम आदेशाला इथे संपायची तारीखच नसते, कुणी रद्द करून घेईपर्यंत चालू. म्हणून अपिलात खूप बारकाईने बघतात की न्यायाधीशाने दोन्ही पायऱ्या चढल्या का: हिंसेचं कृत्य झालं का, आणि पुढच्या संरक्षणासाठी आदेशाची गरज आहे का. २००६ च्या निकालापासून ही पद्धत. दुसऱ्या पायरीची कारणं लिहिली नाहीत तर प्रकरण परत खाली. मित्राचं तसंच आलं परत. पुन्हा तेच न्यायाधीश, पुन्हा तीच साक्ष.

मीच_ती
म्हणजे तिथेही कारणं लिहायचा कंटाळा करतात तर.

एडिसनकर
एका दिवसात दहा-दहा प्रकरणं असतात हो. तोंडीच निकाल सांगतात, तोच ट्रान्स्क्रिप्टमध्ये जातो. त्यांची बाजू नाही घेत, बघितलं ते सांगतो.

खडूस_आजोबा
आमच्या पुतण्याने तिकडेच घटस्फोट घेतला. इकडे सुनेने सांगितलं, तो कागद इथे चालत नाही. खरंय का?

काळा_कोट
बऱ्याचदा खरं. लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालं असेल तर परदेशी कोर्टाने त्या कायद्यातल्या कारणावर निकाल दिलेला हवा आणि दुसऱ्या बाजूने तिथे खरोखर हजर राहून केस लढवलेली किंवा संमती दिलेली हवी. सर्वोच्च न्यायालय, १९९१. फक्त नोटीस पोस्टाने आली आणि बायको तिथे गेलीच नाही, असं असेल तर तो निकाल इथे टिकणं अवघड.

खडूस_आजोबा
पोस्टानेच आली होती. मी सही करून घेतली.

सदूभाऊ
आजोबा 🤦

म्हापशेकर
गोव्यात सगळंच वेगळं असतं, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा. वेगळा करार केला नसेल तर लग्न झालं की नवराबायकोची मालमत्ता सामायिक. माणूस गेला की वाटपाचा दावा न लावता इन्व्हेंटरी चालते, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी. मुलीला हिस्सा आहे का हा प्रश्न आमच्या आजीलाही पडला नव्हता. म्हणून भांडणं नाहीत असं समजू नका. भांडणं नारळाच्या झाडावरून.

नीराकाठ
बापरे, एवढे प्रतिसाद! नक्कल अर्ज निकालाच्या तिसऱ्या दिवशीच टाकलाय. आता हे काम मुंबईला जाणार की कोल्हापूरला?

काळा_कोट
कोल्हापूर. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे, या सहा जिल्ह्यांसाठी: सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, कारण तुमच्या केसमध्ये कायद्याचा प्रश्न निघतो असं मला वाटतं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हिस्सा दिला. राज्याने १९९४ साली दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. आत्याचं लग्न कधी?

नीराकाठ
१९८७.

काळा_कोट
मग २००५ चीच दुरुस्ती. त्यात २० डिसेंबर २००४ पूर्वीची वाटपं सुरक्षित ठेवलीत, पण वाटप म्हणजे नोंदणीकृत दस्त किंवा कोर्टाचा हुकूमनामा. तोंडी वाटप ही पळवाट होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालात (११ ऑगस्ट २०२०) सांगितलंय की ते सहजासहजी मानायचं नाही. अपवाद आहे. सार्वजनिक दस्तांचा आधार असेल आणि वाटप खरोखर अमलात आलेलं दिसत असेल तर. काका त्याच अपवादात बसू बघतायत. पण नुसता फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही.

म्हणून विचारतो, १९९८ नंतर दोघे भाऊ खरोखर वेगळे झाले होते का? आणि तुमचे वडील कुठल्या बाजूला आहेत?

नीराकाठ
...

चहाबाज
हा प्रश्न मलाही पहिल्यापासून पडला होता.

नीराकाठ
बाबांनी त्या वर्दीवर सही केली होती. दाव्यात ते प्रतिवादी नंबर दोन. काकांनी सांगितलं म्हणून कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दोघांनी एकत्रच दिली. पण साक्षीला उभे राहिले तेव्हा काय बोलले ते त्यांनी घरी कधीच सांगितलं नाही, आणि आत्याही कधी विचारत नाही. राखीला येते, ताट वाढते, जाते.

काळा_कोट
त्यांच्या उलटतपासणीची नक्कल काढा. निशाणी क्रमांक बघा. मग जिल्हा कोर्टाच्या निकालात तो क्रमांक कुठे आहे ते शोधा.

सदूभाऊ
फी सोडून पहिल्यांदाच काहीतरी बघायला सांगितलं वकिलाने. नोंद घ्यावी.

नीराकाठ
चार दिवसांनी लिहितेय. नक्कल मिळाली. निशाणी ६२, हाताने नाही, टाइप केलेली, तरी दोनदा वाचावी लागली. पान ७: "हे म्हणणे खरे आहे की, १९९८ नंतरही ऊसबिल एकाच खात्यावर जमा होत होते. हे म्हणणे खरे आहे की, सोसायटीचे कर्ज आम्ही दोघांनी एकत्र उचलले. हे म्हणणे खरे आहे की, वाटपाच्या वेळी बहिणीस बोलावले नव्हते."

जिल्हा कोर्टाचा निकाल ३१ पानांचा आहे. मी पेन्सिल घेऊन बसले. निशाणी ५८ आहे, ६० आहे, ६४ आहे. ६२ कुठेच नाही.

काळा_कोट
तोंडी वाटपानंतर हाच तुमचा कायद्याचा दुसरा प्रश्न. निकाल फिरवताना महत्त्वाचा पुरावा, तोही प्रतिवादीचीच कबुली, विचारातच घेतली नाही. असं झालं की तो घटनेचा मुद्दा राहत नाही, कायद्याचा होतो. खालच्या निकालात ६२ चा उल्लेख आहे ना?

नीराकाठ
आहे. परिच्छेद १९ पूर्ण त्यावरच आहे.

काळा_कोट
मग तो परिच्छेद आणि पान ७ तुमच्या वकिलांना शेजारी शेजारी लावून द्या. अपील दाखल होईलच याची हमी कुणी देणार नाही, मीही नाही. पण स्थगितीचा अर्ज सोबतच टाका, नुसत्या अपिलाने काही थांबत नाही. जमीन विकली जाण्याची भीती असेल तर तेही लिहा.

मीच_ती
आणि प्रत्येक कागदावर शिक्का आहे ना ते बघा. माझ्यासाठी.

नीराकाठ
बघितलं ताई. सगळ्यांवर आहे.

काल बाबांना पान ७ वाचून दाखवलं. चष्मा काढून बसले होते. म्हणाले, मी सांगितलं होतं की तेव्हाच. मग विचारलं, जिल्ह्याच्या साहेबांनी हे वाचलं नाही का? मी म्हटलं, माहीत नाही.

आज सकाळी त्यांनी आत्याला फोन केला. सात मिनिटं बोलले. मी मुद्दाम मोजली.